मागची बाजू

आमच्या देवळाच्या भिंती पांढऱ्या.
नाताळाच्या आधी चुना, त्यात चिमूटभर नीळ,
समोर लाकडी क्रूस, त्यावर कोणी नाही.
कुणी तसबीर घेऊन आलं तर पाळकसाहेब म्हणत,
बाबा रे, पाहायचं ते ऐकून पाहा.

माझे वडील, शांतवन, रविवारी दानाची थैली फिरवत
आणि आठवडाभर पूर्व भागात, कोंडाशेठच्या कारखान्यात,
जकाटाची डिझाइनं काढत.
चौकटीच्या कागदावर मोर, ताजमहाल, गणपती, मक्केची कमान,
गिऱ्हाईक मागेल तो देव.
एका चौकटीला एक भोक, एका भोकाला एक दोरा.
"मी कुठं मूर्ती करतोय," म्हणायचे, "मी भोकं पाडतो."

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर वसईच्या तुस्कानो शेठची ऑर्डर आली:
गव्हाण, मरिया, बाळ. भिंतीवर टांगायचे दोनशे नग.
सोबत नमुन्याचं कार्ड, परदेशी छपाईचं.
त्यातल्या मरियेचे डोळे निळे
आणि कोंडाशेठकडे निळा दोरा संपलेला.

पेंढा जमला. गाढवाचे कान तर फारच जमले.
चेहरा आला तेव्हा पेन्सिल थांबली.
अडतीस चौकटी उंची,
तेवढ्यात तोंड कसं बसवायचं,
आणि बसवावं का.
तीन रात्री तो कागद तसाच.
समोर आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
पदराआड धाकटा, पिता पिता झोपलेला.
हजार भरल्याशिवाय मान वर करायची नाही, ही तिची रीत.
मान खाली, पापण्या खाली, दातांत दोरा.

वडिलांनी दोरा तेवढा गाळला.
खाली पाहणाऱ्या डोळ्यांना निळा रंग लागत नाही.

पंचिंग झाल्यावर एक कार्ड मी उन्हात धरलं.
फरशीवर उजेडाचे ठिपके, एका ओळीत.
यात मरिया कुठंय, मी विचारलं.
"एका ओळीत कुणीच नसतं," ते म्हणाले,
आणि कार्ड माझ्या हातून काढून घेतलं.

पहिला नग बिघडला. बाळाच्या कपाळावर दोरा तुटलेला.
तो घरी आला.
आईनं आधी तोंड पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं,
मग म्हणाली, भिंतीकडे तोंड करून लावा, लोक येतात.
तसा लावला.
मागून सगळं उलट: रात्र पांढरी,
चेहरा काळा, सुटे दोरे लोंबणारे.

चोवीस तारखेला गाणारी टोळी आली, डफ, पेटी, पेट्रोमॅक्स.
पाळकसाहेब करंजी हातात घेऊन भिंतीपाशी थांबले.
"ही कसली नक्षी, शांतवन?"
"कापडाची मागची बाजू, साहेब."
त्यांनी बोटानं एक कोपरा उचलला.
बराच वेळ उचलून धरला.
मग आई चहा घेऊन आली, खाली पाहत,
आणि साहेबांनी कोपरा सोडला,
एखाद्या झोपलेल्यावर पांघरूण सोडावं तसा.
प्रार्थना केली ती दोन वाक्यांची.
एवढी छोटी त्यांनी कधी केली नव्हती.

कारखाना आता नाही. कार्डं रद्दीत गेली, किलोच्या भावानं.
आईचा त्या वयातला एकही फोटो नाही.
मात्र वसईत, असतील तर, काही भिंतींवर ती आहे,
उन्हानं विटलेली,
आणि अनोळखी माणसं तिच्यापुढं मेणबत्ती लावून
काहीबाही मागतात.
हे तिला कळलं असतं तर लाजेनं मेली असती,
किंवा हसली असती, दोरा तोंडातच ठेवून.

गव्हाणीतलं बाळ जुळे सोलापुरात राहतं.
टक्कल पडलंय, साखर आहे,
हप्त्यावरून बँकवाल्यांशी भांडतं.
त्याला मी सांगितलेलं नाही.

मी अजून पांढऱ्या भिंतींच्याच देवळात जाते.
तिथं काही लावू नये, असंच मला वाटतं.
पाळक बोलू लागले की मी भिंतीकडे पाहते,
आणि मला सुटे दोरे दिसतात.