सगळ्यात खाली : रंगभूषा

वडशाच्या स्टँडामागे, पिठाच्या चक्कीला लागून
माझी खोली. सहा पेट्या, अठ्ठावीस टोप,
दोन राजे, एक इन्स्पेक्टर
आणि खिळ्यांवर लटकलेल्या सात म्हाताऱ्यांच्या दाढ्या.

भाची ट्विंकल, यंदाच बारावी झालेली,
इन्स्पेक्टरच्या पेटीवर बसून म्हणाली,
"मामा, सीझन आता फोनवर ठरते.
चामोर्शीच्या त्या पोरानं पेज काढलं,
त्याले शंकरपटाची पंचवीस नाटकं लागली.
तुम्ही बसा दाढ्या विंचरत."

मग तिनं विचारलं :
व्यवसायाचं नाव?

मी गप्प.
एकतीस वर्षं पोस्टरवर माझं नाव
सगळ्यात खाली येतं,
लाइट-साउंडच्याही खाली,
छापखान्याच्या नंबराला टेकून.
कधी नाकाडेचं नाकोडे, कधी नुसतंच टिका.
सुरुवातीलाच असं कोणी विचारलं नव्हतं.
"टाक, टीकाराम."
"नुसतं? आडनाव?"
"टाक तेही. काना नीट दे."

प्रकार निवडा, म्हणे.
ब्युटी पार्लर होतं, किराणा होता,
जनावरांचा दवाखाना होता,
माणसाला एका रात्रीपुरतं
दुसरं माणूस करून देणारा
यादीत नव्हता.
ट्विंकलचं बोट पार्लरवर गेलं.
"नको बाई, लोकं भुवया कोराले येतील."
शेवटी 'इतर' सापडलं, पार तळाशी.
तळ माझ्या ओळखीचा.

उघडण्याची वेळ रात्री आठ, बंद पहाटे पाच.
फोन मानेना.
बंद व्हायची वेळ उघडायच्या आधीची कशी, विचारत राहिला.
पत्त्याची टाचणी दोनदा वैनगंगेत पडली,
तिसऱ्यांदा चक्कीवर.
म्हटलं, राहू दे,
पीठ काय, सफेदा काय.

आता फोटो.
मला खिडकीत उभं केलं.
फोननं आपल्याच मनानं गाल उजळले,
सुरकुत्या पुसल्या, ओठांना हिंगूळ लावलं,
अर्ध्या सेकंदात.
मला त्याच कामाला खोबरेल लागतं, सफेदा, पिवडी,
आणि मांडवाच्या दोरीआडून कोणाचं तरी
"लवकर जी, पडदा उघडते."
मी निरखून पाहिलं. धंद्यातला आहे ना.
नाकाची सावली चुकली होती.
उजेड डावीकडून, अन् सावलीही डावीकडेच.

"पूस."
"चांगले तं दिसता मामा!"
"दिसतो. पण विसाव्या रांगेतून.
हा फोटो लोकं हातात धरून पाहतील."

मग बिनरंगाचा काढला.
तसा आरसा रोजचाच,
पण आरशात माझ्या पुढं
नेहमी कोणीतरी बसलेलं असतं.
हा कानाजवळचा डाग कधीपासून आहे,
मला माहीत नव्हतं.

पासवर्ड : आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह.
मी एका राणीचं नाव दिलं.
नाटक पडलं होतं. राणी नव्हती पडली.
आकडा त्या सालाचा.
पुढचं सांगत नाही, पासवर्ड आहे.

चहा होईपर्यंत नऊ जण जोडले गेले.
एक मोबाइलवाला, एक चक्कीवाला (भिंतीपलीकडूनच),
एक कोणी दुबईचा, ट्विंकल म्हणाली तो खोटा आहे,
आणि निरोप आला एक, नागपुरातून :

"मामा, मी देवाजी. लाखांदुरचा.
आता एटीएमवर रात्रपाळी करतो.
माझा टोप हाये का जी अजून?"

तेव्हा गावातली पोरंच बाया व्हायची.
चेहरा करायला घेतला
की देवाजी श्वास रोखून धरायचा,
हसू येऊन रंग तडकू नये म्हणून.

"हे गिऱ्हाइक नाही मामा," ट्विंकल म्हणाली.
"हो," म्हटलं,
आणि तिला पेटीवरून उठवलं नाही, दुसरीच उघडली,
तळाची.
डांबरगोळीचा वास, वर्तमानपत्राचा चुरा,
केसांत अजून दोन आकडे अडकलेले.

"याचा काढ फोटो.
थांब. खिडकीकडे तोंड करून ठेवतो."