अकरा किलो

त्सित्सिनोकडून कोंबड्या तोलायचा काटा आणलाय,
व्हरांड्याच्या तुळईला टांगलाय.
एकेक जण येतो, आपली सॅक अडकवतो
आणि माझ्या तोंडाकडे असा बघतो
जसा काही मी निकालच वाचणार आहे.

ओतिया, सोळा.
काढ.
काय काढू?
तुझं तुला माहीत.

तो उपसत बसतो. दाढीचा फेस, तीन जीन्स,
लाकडी बुद्धिबळ, पटासकट.
"मग रात्री तंबूत करायचं काय?"
झोपायचं, बाळा. अदिशीचा चढ चढलास की
राजा कुठला, प्यादं कुठलं, तुला कळायचं नाही.

बावीस उन्हाळे झाले हे करतेय.
झुग्दिदीहून पहाटेची गाडी, मेस्तियाला उतरायचं,
मग चार दिवस पायी,
उश्गुलीचे दगडी बुरूज दिसेपर्यंत.
यंदा गुडघा म्हणाला, पुरे.
डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाला होता,
पण डॉक्टरचं कोण ऐकतं.

म्हणून आता नुसते हात जातात माझे,
यांच्या पिशव्यांत, कोपरापर्यंत.
झोपायची पिशवी तळाला.
जड ते पाठीला लागून.
पावसाचा कोट सगळ्यात वर, ढग काही
तुम्ही गाठ सोडेपर्यंत थांबत नाही.
मोजे लोकरीचे. सुती मोजा भिजला
की तो मोजा राहत नाही, शिक्षा होते.

पातेलं एकच.
पातेलं म्झेकालाकडे, झाकण जाबाकडे.
मुद्दाम. मे महिन्यापासून दोघं बोलत नाहीत.
भूक लागली की बोलतील.

चीज ओल्या फडक्यात, अक्रोड खिशात, मक्याचं पीठ वाटून घ्या,
आणि दोर ओतियाकडे, कारण तो आता हलका झालाय.
तिसऱ्या दिवशीची नदी सकाळीच ओलांडा.
सकाळी ती गुडघाभर असते, शहाणी.
दुपारी वरचा बर्फ सुटला की
ती वेगळीच बाई होते.
मान डोलावतात सगळे. ऐकत कुणीच नाही.
मीही त्या वयात डोलावलीच होती.

तेक्लेची सॅक सात किलो.
सगळ्यांत हलकी. मला बरं वाटायला हवं होतं.
खाली बघितलं, तर पायात कापडी बूट,
अंगठ्याशी दोऱ्याने शिवलेले.
"शाळेत याच बुटांनी जाते की," म्हणाली,
आणि पाय बाकाखाली घेतले.

आत गेले. पलंगाखालून माझे काढले.
मागच्याच आठवड्यात चरबी चोळून ठेवली होती त्यांना,
कशासाठी, विचारू नका.
डाव्याची नाडी लाल. काळी एकदा अदिशीत तुटली,
तेव्हा मारेखीने आपल्या विणकामातली दिली होती.
एक नंबर मोठे होतील. दोन मोजे घाल.
तिने घातले, व्हरांड्यात फिरून बघितलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी बाकावर बसून
माझ्याच चालण्याचा आवाज ऐकला.

चारला गाडी आली. साडेचारला गेली.
दोनदा हॉर्न, मग कुत्री, मग काही नाही.

टेबलावर उरलंय:
बुद्धिबळ. एक हेअर ड्रायर, कुणीही आपला न म्हटलेला.
जाबाच्या आजीची आंबट आलुबुखाऱ्याची चटणी, दोन लिटर.
तीन जीन्स, घडीही न केलेल्या.
काटा तुळईला रिकामाच हलतोय.

आणि खिडकीत, कालपासून,
शेवटी घालू म्हणून मीच बाजूला ठेवलेली
मिठाची पुरचुंडी. लसूण, मेथी कुटून केलेलं मीठ,
चार दिवसांचं, सात जणांचं.

ग्रॅम ग्रॅम मोजलं मी. कपाळावर हात मारला,
मग हसले, एकटीच, मोठ्याने.

पहिल्या रात्री अळणी खातील. खाऊ देत.
दुसऱ्या संध्याकाळी अदिशी येईल,
पातेलं आणि झाकण घेऊन
डावीकडच्या तिसऱ्या घराशी जावं लागेल त्यांना, मीठ मागायला.
मारेखी दार उघडेल.
ती आधी माणसाच्या पायांकडे बघते,
जुनी सवय आहे,
चिखल आत येऊ नये म्हणून.