पोट मऊ आहे

नऊशे ऐंशी ग्रॅम.
नाव ठेवायचं धाडस झालेलं नाही,
पेटीवर चिकटपट्टी: ‘बेबी ऑफ हेमलता’.

फिलोमिना सिस्टर टेप काढतात, शिंप्यासारखा.
पोटाचा घेर.
वाढला, तर आतडं दुखावलंय.
म्हणून डब्याचं दूध नको, घाई नको,
दोन मिली फक्त,
नळीतून, मुंगीच्या चालीनं.

मला पान्हा नव्हता.
मिल्क बँकेतून बाटली आली, गोठलेली,
वर नाव नाही, आकडा: ४१७.
शीव? धारावी? कुणाच्या घरातून
हे उरलं असेल?

आज टेप गुंडाळत सिस्टर म्हणाल्या,
‘पोट मऊ आहे.’
मी जिन्यात येऊन आईला फोन लावला,
‘मऊ आहे गं’ म्हणता म्हणता
गाऊन पुढून भिजला.

पळत आत गेले.
बाटली मागितली.