रकाना चौदा

कळमनुरीहून जीप, पुढं पायवाट.
अंगणवाडीत चित्ररेखा खिल्लारे
एका हातानं फोनवर हजेरी भरते,
दुसऱ्यानं कुणाचं तरी नाक पुसते.

रकाना चौदा : दहा मिनिटांत मुक्त प्रश्न किती?
जूनपासून ही माझी तिसरी भेट.
दोन्हीदा मी शून्य लिहिलं
आणि तिनं चहा दिला.

तालुक्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
वजनकाट्यामागं, खिळ्याला.
तीन दिवसांतलं काय आठवतं, विचारलं तर म्हणाली,
"जेवण चांगलं होतं."

आज सतरंजीवर तुरीच्या वाळल्या शेंगा.
एक दोन तीन चार, सगळे एका सुरात.
मी घड्याळ लावते.
आफ्रीन मधूनच उठते,
शेंग कानाशी नेऊन हलवते :
"ताई, आत कोण हाय?"

चित्ररेखाच्या ओठांवर आलेले दाणे
मला इथून दिसतात.
ती ते गिळते.
माझ्याकडं नाही, शेंगेकडं बघत म्हणते,
"तुला काय वाटायलंय?"

आफ्रीन विचारात.
खिचडी खाली लागल्याचा वास येतो,
कुणी उठत नाही.

"काय लिहायल्या, मॅडम?"
एक, म्हणते मी.
"चार," आफ्रीन मला दुरुस्त करते,
"एक झोपलीय."