पुरुमेत

उपाशीपोटी यावे, असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.
सगुण घाडी रात्री आठला पेज जेवला होता,
सकाळी साडेसातला साखळीच्या दवाखान्यात
बाही वर सारून बसला.
बाहेर पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला
आणि त्याच्या पोटानं ओ दिली.
ऐकलंच नाही असं आम्ही दोघांनीही दाखवलं.

इतके तास तोंडात कण नाही,
तरी माझ्या नळीत साखर येतेच.
कुठून?
उजव्या बरगडीखाली एक दुकान आहे, रात्रभर उघडं.
काल दुपारचा उकड्या तांदळाचा भात
तिथं साखळ्या ओवून टांगलेला.
यकृत एकेक मणी सोडवून देतं,
सुट्टे पैसे मोजावेत तसं,
मेंदूला, जो झोपेतही हात पसरून असतो.
मांड्यांकडे माल याच्या चौपट.
पण मांड्या कंजूष.
आपलं आपण खातील, रक्ताला उसनं देणार नाहीत.

हे सगळं मिळून जेमतेम एका दिवसाचं.
उरलेलं माळ्यावर चढतं.

मे महिन्यात सगुणची प्रेमावती माळा भरते:
सोलं, सुकी सुंगटं, फणसाची साठं,
खाऱ्यातल्या कैऱ्या, चिंचेचे गोळे मीठ लावून.
पावसाळ्याचं पुरुमेत.
ओलं काही ती वर चढू देत नाही.
शरीराचाही हाच कायदा.
साखर साठवायची तर ती तिप्पट पाणी घेऊन बसते,
अंग जड करते.
चरबी कोरडी. तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त ऊब.
सुकलेल्या सुंगटात मावते तशी अख्खी खाडी.

अठरा वर्षं त्यानं खनिज ओढलं,
खाणीवरून धक्क्यावर, दिवसाला सात फेऱ्या.
दात, भुवया, डब्यातली भाकरी, सगळं तांबडं.
मग खाण थांबली.
ट्रक अंगणात, चाकाखाली दगड,
हौद्यात प्रेमावतीनं लावलेली भोपळी.
हे शरीराला कुणी कळवलंच नाही.
ते अजून उद्याच्या फेऱ्यांची बेगमी करतंय,
प्रत्येक ताटातून थोडं बाजूला काढतंय,
इमानानं,
पट्ट्याच्या एकेका भोकानं.

एकशे अठ्ठावन्न, मी वाचते.
म्हणजे काय, तो विचारतो.
धक्का आठवतो? मी म्हणते.
बार्ज भरलेली, उतरवून घ्यायला कुणी नाही,
आणि मागे रस्त्यावर ट्रकांची रांग.
तुमच्या रक्तात ती रांग उभी आहे.
इन्सुलिन हॉर्न देतंय, देतंय,
दारं उघडत नाहीत.
आणि खाण वरून माल पाठवतेच आहे.

त्याला हे एकदम कळलं.
आकडा नव्हता कळला.

मग पोटावर हात ठेवून म्हणाला,
याची परत साखर होत नाही का?
होत नाही. तिकडून इकडे एकेरी रस्ता.
साखरेची चरबी होते. चरबीची जाळूनच सुटका.
"मग ती खंय वता?"
घामातून? लघवीतून?
थोडी पाणी होऊन जाते, म्हटलं,
बाकी सगळी श्वासातून.
तो हसला. डॉक्टर नाही ना तुम्ही, म्हणाला.
नाही, मी नुसती रक्त काढणारी.

महिन्याभरानं संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना
तो दिसला, जुन्या खनिजाच्या रस्त्यावर,
पायांत रबरी चपला, भरभर,
मागे मालक लागल्यासारखा.
मला पाहून थांबला.
तोंड उघडून मोठा श्वास सोडला, हाऽऽ,
आणि तळहात पुढे केला,
बघा, गेली थोडी.
हातावर काहीच नव्हतं. खरंच गेली असावी,
चिमूटभर, वाऱ्यावर, धूळही नाही उठली.

मी हात केला, थांबले नाही.
आरशात तो चालत होता,
लहान लहान होत.