बादली

राखेच्या ढिगांना इथे लोक डोंगरच म्हणतात,
या सपाट देशात दुसरे आहेत कुठे.
त्यांच्या पायथ्याशी आमचा कारखाना,
दगड भाजून तेल काढणारा,
आणि कारखान्याच्या पाठीमागे, स्वैपाकघराच्या मोरीसारखी,
नदीकडे जाणारी एक नळी.
त्या नळीवर माझी रात्रपाळी.

वाल्दुर होता तेव्हा वही होती.
निळ्या रेघांची, कडेला तेलाची बोटं.
दर तासाला तो शिसपेन्सिलीनं आकडा लिहायचा
आणि डगल्याच्या खिशात खोडरबर ठेवायचा,
अर्धा झिजलेला, एका बाजूनं काळा.
"फैना," म्हणायचा, "नदी काय म्हणते ते नको सांगूस,
साहेबांना काय ऐकायचंय ते बघ."
वाईट माणूस नव्हता.
तीन मुली होत्या त्याला, आणि बोनस डिसेंबरात मिळायचा.

मग सेन्सर आले.
एक जर्मन, एक चिनी,
एक सोव्हिएत काळातला, मरत नाही म्हणून ठेवलेला.
एकाच नळीतला एकच दाब
एक बारमध्ये सांगे, दुसरा किलोपास्कलमध्ये,
तिसरा चौरस सेंटिमीटरवर किती किलो ते,
आणि त्याचं घड्याळ अजून मॉस्कोत अडकलेलं.
आमच्या कँटीनसारखंच:
मी रशियनमध्ये मीठ मागते,
तार्मो इस्टोनियनमध्ये "घे" म्हणतो,
मीठ मात्र एकच.

हिवाळ्याच्या तोंडाशी टालिनहून दोन पोरं आली,
पाठीला लॅपटॉप, पायात उन्हाळ्याचे बूट.
त्यांनी तिघांना एक भाषा शिकवली, एक घड्याळ दिलं,
आणि प्रत्येक आकड्याची मागच्या आकड्याशी गाठ मारली.
आता वही अकरा ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते:
मंत्रालयात, विमा कंपनीत, तार्तूच्या प्रयोगशाळेत,
एक तर नदीकाठच्या शाळेत, स्केट्सच्या कपाटात गुरगुरत असते.
एक गाठ सोडवायला जावं
तर पुढच्या सगळ्या तुटतात
आणि उरलेले दहा जण बोंब मारतात.
काळ्या दगडावरची रेघ, मी वाल्दुरला फोनवर म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
मग विचारलं, "पेन्सिल तरी देतात का?"

फेब्रुवारीत नऊ दिवस आकडा हलला नाही.
शून्य दशांश तीन. शून्य दशांश तीन.
अकरा साक्षीदार, एकही फितूर नाही.
पण मोरीला वास होता,
जुन्या डांबराचा, जिभेच्या मुळाशी बसणारा,
आणि वासाची गाठ मारायची सोय
त्या पोरांनी केली नव्हती.

दहाव्या रात्री बॅटरी घेऊन खाली उतरले.
नळीच्या तोंडाशी, उणे एकोणिसात,
एक निळी बादली.
गोठू नये म्हणून भोवती गरम तार गुंडाळलेली,
इतकी काळजी!
आत नळाचं स्वच्छ पाणी
आणि त्यात सेन्सर, आंघोळीला बसवलेल्या पोरासारखा.
खोटं तो बोलतच नव्हता.
समोर होतं ते सांगत होता, इमानानं, दर दहा सेकंदांनी.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथे पोहऱ्यात होतं तेच
आडाच्या नावावर चढत होतं.

मी बादली ओतली. सेन्सर नळीच्या तोंडी दिला.
खोलीत परतले तोवर एक्केचाळीस.
माझ्या बिल्ल्याच्या नंबरासह, अकरा ठिकाणी.
तार्मोचा फोन वाजू लागला. वाजू दिला.

ते नऊ दिवस मात्र तसेच राहणार,
खाली, घट्ट गाठींत, स्वच्छ.
खोडायला कुणाकडे काही नाही.
पहिल्यांदाच वाटलं,
वाल्दुरच्या त्या रबराची एक बाजू तरी पांढरी होती.

प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याची एक चौकट असते,
चाळीस अक्षरांची. कुणी भरत नाही.
मी दोन बोटांनी टाइप केलं:
बादली होती. निळी. मी ओतली.
जागा उरली होती, पण मला एवढंच माहीत होतं.

खाली तार अजून गरम असणार.
तिच्याभोवती बर्फाचं
एवढंसं डबकं.