टाळू

विसाव्या दिवशी मी उजव्या हाताची नखं कापते.
खडकीच्या क्वार्टरमागे, पत्र्याच्या आडोशाला
पिल्लं निघतात ओली, कवच अजून पाठीला.
एकेक तळहातावर घ्यायचं
आणि अंगठा टाळूवर.

उंचवटा लागला तर शेंडी येणार,
सुभेदारासारखी, डोळ्यांवर उतरणारी.
त्याच्या पायात हिरवी वायर, वहीत नाव.
सपाट निघालं तर
मोठं झाल्यावर बोपोडीच्या नाक्यावर, टोपलीत.

सहा वर्षं. चौथी पिढी.
शेंड्या आता इतक्या दाट
की घार आली तरी दिसत नाही त्यांना.
दिसते त्या एका सपाटीला,
विकायची राहून गेली तिला.
ती ओरडते, मग सगळ्या धावतात
एकमेकींवर आपटत.

काल मेहरुन्निसाची सून बाळ दाखवायला आली.
दोन महिन्यांचं. तेलाने चकचकीत डोकं.
मांडीवर घेतलं तर
अंगठा आपोआप गेला.

खाली मऊ. धडधड.

“काय बघताय, मावशी?” ती हसली.
मी हात पदराखाली घेतला.
“काही नाही गं. भरेल टाळू,
तेल घालत राहा.”